बर्फ पडायच्या आधीचे तीन महिने: स्की केंद्रावर फिटरचं काम काय?

सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर असलेल्या तरुणाचा प्रश्न आहे. त्यांना हिमालयातल्या एका स्की केंद्राकडून बोलावणं आलंय आणि सप्टेंबरच्या मध्याला रुजू व्हायला सांगितलंय. ते विचारतात: "बर्फ डिसेंबरात पडतो, आणि आपोआप पडतो. मग तीन महिने आधी माणसं कशाला लागतात? मी बर्फ कधी पाहिलेलाही नाही. तिथे माझं काय काम, आणि कारखान्याचा सीझन सोडून जाऊ का?"

मीही मूळचा सोलापूरचा. बरीच वर्षं हिमालयात रोपवे आणि चेअरलिफ्टच्या देखभालीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मनात गोंधळ झालाय तो एकाच ठिकाणी. स्की केंद्राची तयारी म्हणजे बर्फाची तयारी असं तुम्ही धरून चाललाय. बर्फ एकदा बसला की जे झाकलं जातं, जे गोठतं आणि जिथे गाडी पोचत नाही, ते सगळं त्याआधी उरकणं म्हणजे तयारी. तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला हे लगेच कळेल. ऑफ सीझनला मिलचे रोलर उतरवता, बेअरिंग बघता, बॉयलरच्या ट्यूब बदलता, कारण एकदा मोळी टाकली की मिल थांबवणं कुणाला परवडत नाही. तरी कारखाना नाइलाज झाला तर चार तास बंद ठेवून काम काढता येतं. बर्फाखाली गेलेला व्हॉल्व्ह मार्चपर्यंत दिसतसुद्धा नाही. म्हणून तिथे कामाचा क्रम महत्त्वावरून ठरत नाही. जे हाताबाहेर सगळ्यात आधी जाणार ते आधी, असा तो ठरतो.

केंद्र कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. गुलमर्गला साधारण 2,650 मीटरवरून दोन टप्प्यांचा गोंडोला, म्हणजे बंद केबिनचा रोपवे, निघतो आणि अफरवाटच्या खांद्यावर 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा. तो उन्हाळ्यातही पर्यटकांसाठी चालतो, त्यामुळे मोठ्या दुरुस्तीला मोजकेच बंद दिवस मिळतात. औली त्याहून लहान. तिथे चेअरलिफ्ट आहे आणि 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी कृत्रिम बर्फाची यंत्रणाही बसवली गेली. काही ठिकाणी नुसता एक उतार आणि माणसाला ओढून वर नेणारी साधी लिफ्ट असते. पुढचं सगळं प्रत्येक ठिकाणी जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, पण क्रम सगळीकडे जवळपास हाच.

सुरुवात जमिनीपासून. पाऊस ओसरला की उतार वरून खाली पायी बघायचा, हातात रंगाचा डबा घेऊन. सुटा दगड दिसला की त्यावर खूण. उचलता येतो तो उचलायचा, बाकीचे फोडायचे किंवा पुरायचे. झाडाचे जुने बुंधे जमिनीलगत कापायचे, गवत छाटायचं. हे हलकं काम वाटतं, आणि नवीन मुलं त्याचा कंटाळा करतात. पण माझ्या मते अख्ख्या तयारीत पैशाला सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच. दगड काढलेला, गवत छाटलेला उतार 20-30 सेंटिमीटर दाबलेल्या बर्फावर चालू करता येतो. खडकाळ उतारावर त्यासाठी मीटरभर बर्फाची वाट पाहावी लागते. जानेवारी 2024 मध्ये ऐन चिल्ले कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीच्या दिवसांत गुलमर्ग जवळजवळ बर्फाविना होतं, आणि 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर गेला. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात तिथे बर्फ आणणाऱ्या हवामान प्रणाली, आता कधी उशिरा येतात, कधी पाठोपाठ येऊन कोसळतात. अशा वर्षी कमी बर्फात कोण आधी सुरू होणार हे सप्टेंबरातल्या कुदळीवर ठरतं.

गवत छाटायचं आणखी एक कारण आहे. लांब गवत बर्फाच्या ओझ्याने उताराच्या दिशेला आडवं पडतं आणि त्याच्यावरून बर्फाचा अख्खा थर जमिनीपासून सुटून खाली येऊ शकतो. त्याच फेरीत पाण्याच्या वाटा बघून घ्यायच्या. उताराला आडवे, किंचित कलते चर मोकळे करायचे, म्हणजे वितळतं पाणी टॉवरच्या पायाशी न मुरता बाजूला निघतं. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठ खचायला लागलं तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. पायाजवळची नवी भेग किंवा जागा बदललेला झरा दिसला तर ती गोष्ट त्याच दिवशी इंजिनिअरच्या कानावर घालायची.

यापुढचं काम तुमच्या हातचं: रोप (पोलादी तारांचा दोर), ग्रिप (खुर्ची त्या दोरावर धरून ठेवणारी पकड), रोलर, ब्रेक.

रोपची तपासणी आधी डोळ्यांनी आणि कापडाने होते. रोप सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी वेगाने फिरवतात. पुलीपासून लांब, ठरवून दिलेल्या जागी, रोपभोवती सुती कापड सैल धरलेलं असतं. तुटलेल्या तारेचं टोक वर आलेलं असेल तर ते कापडाला धरतं, धागा ओढला जातो. लगेच हाक, रोप थांबतो, तिथे खडूची खूण. मग ग्रीस पुसून बघायचं की तुटलेली तार एकच आहे की शेजारशेजारच्या दोन-तीन, एकाच स्ट्रँडमधल्या (तारा पिळून केलेल्या पेडातल्या) की वेगवेगळ्या, बाहेरच्या फुगवट्यावरच्या की दोन स्ट्रँडच्या मधल्या खोबणीतल्या. फुगवट्यावरची तार बहुतेक झिजून तुटते. खोबणीतली तुटली तर मी जास्त सावध होतो, कारण आतला गाभा बसल्याची ती खूण असू शकते. व्हर्निअरने जाडी घ्यायची ती फुगीर जागी, काटकोनातल्या दोन दिशांना, आणि मागच्या वर्षीच्या रजिस्टरशी ताडून बघायची. आतल्या तारांसाठी चुंबकीय तपासणी असते, ती बाहेरचे तज्ज्ञ येऊन करतात. पण कुठे नीट बघायचं हे त्यांना आपलं रजिस्टर सांगतं.

फिरत्या रोपची दोन टोकं गाठ मारून किंवा क्लॅम्प लावून जोडत नाहीत, एकमेकांत विणतात. त्याला स्प्लाइस म्हणतात. युरोपातल्या मानकाप्रमाणे त्याची लांबी रोपच्या जाडीच्या किमान 1,200 पट लागते, म्हणजे 40 मिलिमीटरच्या रोपला 48 मीटर. स्प्लाइस करणारी माणसं वेगळी असतात, तुमच्या वाट्याला पहिल्या वर्षी फक्त बघणं येईल. पण जवळ उभं राहून बघा. एवढा मोठा जोड रोलरवरून जाताना ठोका देत नाही, हे एकदा बघितलं की रोपकडे बघायची नजरच बदलते.

पक्क्या ग्रिपच्या चेअरलिफ्टमध्ये प्रत्येक खुर्ची रोपवर एकाच जागी आवळलेली असते. ग्रिपच्या तोंडाशी रोप पुन्हा पुन्हा वाकतो आणि तिथल्या तारा थकतात. म्हणून ठरावीक काळाने सगळ्या ग्रिप सोडून थोड्या पुढे सरकवतात, आणि त्याच वेळी ग्रिपना भेगा आहेत का ते चुंबकीय कणांनी तपासतात. नवी जागा, आवळलेला टॉर्क, घसरण चाचणीचा आकडा, सगळं लिहून ठेवायचं. कारखान्यात अंदाजाने पाना फिरवायची सवय असेल तर ती सोलापुरातच ठेवून जा. तिथे टॉर्क रेंच आणि वही दोन्ही लागतात.

टॉवरवरचे रोलर बघताना रबराची झीज, बेअरिंगचा आवाज आणि रांग सरळ आहे का ते बघायचं. रोप रोलरवरून उतरलाच तर तो शेजारच्या ठिसूळ पट्टीवर आदळतो, पट्टी तुटते आणि लिफ्ट थांबते. पट्टीची वायर निघालेली असेल तर ही सगळी सुरक्षा कागदावर राहते, म्हणून प्रत्येक टॉवरचं सर्किट एकेक तोडून खाली लिफ्ट खरोखर थांबते का ते बघतात. कंटाळवाणं काम आहे. माझ्या हाताखालच्या कुणालाही मी ते अर्धवट सोडू दिलेलं नाही.

हेच काम डिसेंबरात का नाही? उणे 10 अंशांत, दहा-बारा मीटर उंचीवर, हार्नेसमध्ये लटकून, जाड हातमोज्यांनी नट बसवायचा असतो. हातमोजा काढला तर लोखंड कातडीला चिकटतं. खाली पडलेला वॉशर ताज्या बर्फात गेला की गेला. आणि नवी बेअरिंग टॉवरपर्यंत पाठीवर न्यावी लागते. जे ऑक्टोबरात दोन तासांत होतं त्याला हिवाळ्यात अख्खा दिवस जातो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते ती वेगळीच.

शेवटी भार चाचणी. खुर्च्यांमध्ये किंवा केबिनमध्ये माणसांच्या वजनाइतके पाण्याचे कॅन किंवा वाळूची पोती ठेवतात, लिफ्ट पूर्ण वेगात आणतात आणि ब्रेक एकेक करून, वेगवेगळा मारून बघतात. वर जाणारी बाजू भरलेली आणि खाली येणारी रिकामी असताना लिफ्ट उलटी फिरत नाही ना, हे तर खास बघायचं. मग वीज बंद करून डिझेल इंजिनवर लिफ्ट रिकामी करायची, आणि इंजिनही बंद आहे असं धरून माणूस दोराने खाली उतरवायचा सराव. ज्यांनी हा सराव उजेडात, कोरड्या हवेत केलेला नसतो त्यांना तो वाऱ्यात आणि अंधारात सुचत नाही. रोपच्या दोन्ही बाजूंची झाडंही याच काळात बघायची. जून 2017 मध्ये गुलमर्गला वादळी वाऱ्यात झाड उन्मळून रोपवर पडलं आणि सात जणांचा जीव गेला. कललेलं, पोखरलेलं झाड दिसलं की वनखात्याची परवानगी काढायला वेळ लागतो, म्हणून त्याची यादी सप्टेंबरातच करायची.

आता "बर्फ आपोआप पडतो" याबद्दल. जिथे स्नो गन आहेत तिथे तो काही प्रमाणात पाडावा लागतो, आणि तिथे पंप, पाइप, व्हॉल्व्ह म्हणजे पुन्हा तुमचंच क्षेत्र. गन पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवते, थेंब खाली येईपर्यंत गोठतात. नुसतं थर्मामीटर बघून गन चालू करता येत नाही. आपल्याकडे सूतगिरणीच्या भिंतीवर ओल्या आणि कोरड्या थर्मामीटरची जोडी असते, तीच इथे लागते, आणि बघायचा तो ओला. तो साधारण उणे 2 च्या खाली गेला की काम सुरू होतं, उणे 4-5 च्या खाली चांगलं चालतं. हवा शून्यावर असली तरी आर्द्रता 30 टक्के असेल तर ओला थर्मामीटर उणे 4 च्या आसपास जातो आणि बर्फ बनतो. तीच हवा 90 टक्के दमट असली तर ओला उणे अर्ध्याच्या जवळ अडकतो आणि गनमधून नुसतं पाणी पडतं. म्हणून कोरड्या, निरभ्र रात्रीची वाट बघायची, आणि ती आली की सगळं तयार हवं.

पाणी किती लागतं ते आपल्या भागातल्या माणसाने एकदा मोजून बघावं. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे 3,000 घनमीटर बर्फ. यंत्राचा बर्फ घट्ट असतो, घनमीटरला 400 ते 500 किलो. म्हणजे साडेतेरा लाख लिटरच्या आसपास पाणी, दहा हजार लिटरचे 135 टँकर, आणि उडून वाया जाणारं वेगळं. म्हणून तळं पावसाळ्यातच भरून ठेवायचं आणि पाइपलाइन दाबाखाली तपासून गळती ऑक्टोबरात काढायची. गन बंद झाली की लाइन पूर्ण रिकामी झाली पाहिजे. पाण्याचा बर्फ होताना ते 9 टक्के फुगतं आणि लोखंड फोडतं. निचऱ्याचा व्हॉल्व्ह लाइनच्या सगळ्यात खालच्या जागी आहे का, आणि तो मोकळा उघडतो का, हे स्वतः उघडून बघा, नकाशावर विश्वास ठेवू नका.

गन चालू झाली की बर्फ बरोबर बनतोय का ते बघायला कुठलंही उपकरण लागत नाही. फवाऱ्याच्या खाली हात आडवा धरायचा आणि जॅकेटची बाही बघायची. कण बाहीवर पडून टुणकन उडाले तर बर्फ कोरडा, पाणी थोडं वाढवायला जागा आहे. थोडे चिकटून झटकल्यावर निघाले तर उताराच्या पायाभरणीला योग्य. बाही ओली व्हायला लागली तर पाणी जास्त, लगेच कमी करा, नाहीतर सकाळी उतारावर बर्फाऐवजी काचेसारखा थर मिळेल. थंडीत जागून ही बाही बघणारा माणूस ज्या केंद्राकडे असतो तिथला उतार चांगला असतो.

पहिला नैसर्गिक बर्फ पडला की लोक खूश होतात, मी मात्र तेव्हा जास्त सावध असतो. नोव्हेंबरातला पातळ बर्फ तसाच सोडला तर दोन गोष्टी होतात. खालची जमीन त्याच्या पांघरुणात उबदार राहते, गोठत नाही. आणि जमीन शून्याजवळ, वरची हवा उणे 15, मध्ये फक्त वीतभर बर्फ, अशा वेळी खालून वर वाफ सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, टोकदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, बोटांमधून गळून जातात. जानेवारीत त्यांच्यावर दोन फूट नवा बर्फ बसला की 30 ते 45 अंशांच्या उतारावर हाच तळ निसटतो आणि हिमकडा कोसळतो. म्हणून जिथे जिथे मशीन जातं तिथे पहिला बर्फ पडल्या पडल्या स्नो बीटरने, म्हणजे बर्फ दाबणाऱ्या गाडीने, दाबायचा. मशीन जात नाही अशा तीव्र उतारावर अमेरिकेत अॅस्पेनसारख्या ठिकाणी माणसांची रांग पायांनी बर्फ तुडवत जाते. आपल्याकडे वरचे उतार बहुतेक मोकळे, न दाबलेले असतात, त्यामुळे हिमकड्यांच्या इशाऱ्याकडे, म्हणजे डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेच्या बुलेटिनकडे, रोज सकाळी लक्ष ठेवावंच लागतं. तुम्ही लिफ्टवाले असलात तरी बर्फाचा खड्डा खणून थर कसे बघतात ते गस्ती पथकाकडून शिकून घ्या. वरची लिफ्ट आज उघडायची की नाही हा निर्णय त्या खड्ड्यावरून होतो, आणि तो तुम्हाला पाळायचा असतो.

स्नो बीटरचा उल्लेख आला म्हणून मशिनरीबद्दल थोडं. साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर बंद पडतो. नोव्हेंबर 2019 पासून लडाखसाठी इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं आहे. तुमच्या केंद्रावर टाकीत काय भरतात ते विचारा, आणि उन्हाळ्यातलं उरलेलं डिझेल थंडीपर्यंत टाकीत ठेवू देऊ नका. गिअरबॉक्सचं तेल हिवाळी ग्रेडचं, हीटर चालू, बॅटऱ्या चार्ज. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, हे केंद्र अडीच-तीन हजारांवर. हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेलं डिझेल इंजिन तिथे पाव भाग ताकद सहज गमावतं. साधी मोटारही 1,000 मीटरपर्यंतच्याच रेटिंगची असते. आपल्या अनुभवावरून "एवढ्या किलोवॉटला चालतंय की" असं तिथे म्हणू नका.

खांबांना गाद्या बांधणं, जाळ्या, दिशादर्शक पाट्या, उताराच्या कडेच्या काठ्या, स्लेज आणि प्रथमोपचाराचं सामान, हे सगळं शेवटच्या दोन आठवड्यांत होतं आणि त्यात सगळ्यांनाच हात लावावा लागतो.

थोडक्यात तुमचा सप्टेंबर जमिनीत आणि गटारीत जाईल, ऑक्टोबर रोपवर आणि टॉवरवर, नोव्हेंबर पाणी, डिझेल, चाचण्या आणि सराव यांत. "बर्फ पाहिलेला नाही" ही अडचण नाही, यातलं बहुतेक काम तुमचा हात आधीच ओळखतो.

राहिला सीझन सोडण्याचा प्रश्न. तो मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. गळीत हंगाम आणि स्कीचा हंगाम एकाच वेळी येतात, दोन्ही धरता येणार नाहीत. तुम्ही हंगामी कायम असाल तर आधी टाइम ऑफिसला जाऊन विचारा की सीझन सोडला तर हंगामी हक्क आणि रिटेन्शन अलाउन्सचं (ऑफ सीझनला मिळणाऱ्या भत्त्याचं) काय होतं. रोजंदारीवर असाल तर गमावण्यासारखं थोडं आहे. घरच्यांनाही स्पष्ट सांगा: संक्रांतीच्या सुमारास तिथे ऐन गर्दी असते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, आपल्या जत्रेला, येता येणार नाही.

आणि होकार कळवायच्या आधी त्या लोकांना फोन करून विचारा: शेवटची भार चाचणी कधी झाली, रोपची चुंबकीय तपासणी कधी झाली, माणसं दोराने उतरवण्याचा सराव दरवर्षी होतो का, उंचीवरच्या कामाचा विमा आणि हार्नेस कोण देतं, हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये ठेवतात की सोडतात. पहिल्या तीन प्रश्नांना तारखेसकट उत्तर मिळालं तर बिनधास्त जा, तिथे शिकायला मिळेल. "ते सगळं होतं हो, काळजी करू नका" एवढंच ऐकू आलं तर पगार कितीही असो, मी जाणार नाही आणि तुम्हालाही जा म्हणणार नाही. काय उत्तर येतं ते इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.